फळीखालची लोकर

तू फक्त ऐक. मधेच "मग?" "मग?" करू नकोस, सांगतेय ना सगळं.

केरी पालथी पडली होती. डोकं जमिनीच्या आत, पाय डोरीनच्या पलंगाखाली. वरच्या मजल्यावरची निजायची खोली, लाकडी फळ्यांची जमीन. खिडकीकडच्या चार फळ्या उचकटून तिनं भिंतीला उभ्या केल्या होत्या आणि टॉर्च दातात धरून ती आत बघत होती. आत कसं असतं माहितीये? वर फळ्या, खाली स्वयंपाकघराचं छत, आणि मधे हातभर उंचीचा लांबच लांब अंधार. आडव्या तुळया एकामागे एक. धूळ इतकी मऊ, की कुणीतरी पीठ चाळून ठेवलंय. श्वास सोडला की ती हळूच उठायची, उजेडात तरंगायची आणि परत बसायची. समुद्राच्या तळाशी असंच असेल, केरीला वाटलं. वर लोक चालतात, बोलतात, आणि इथे कुणालाच घाई नाही.

या अंधारातून घर गरम ठेवणाऱ्या हीटिंगचा प्लास्टिकचा नळ गेला होता. पांढरा नळ, आता पिवळट. गरम पाणी आलं की प्लास्टिक लांबतं, मऊ पडतं आणि मधे मधे आधार नसेल तर झोळीसारखं लोंबतं. म्हणून क्लिपा लागतात, हातभर अंतरावर एक. आणि जिथे तुळईला खाच पाडून नळ पलीकडे नेलाय, तिथे वरून लोखंडी पट्टी लागते. नाहीतर उद्या कुणी गालिचा ठोकायला बसलं की खिळा थेट नळात. इथे पट्टी नव्हती. क्लिपही नव्हती. एकसुद्धा.

"कुणी बसवलं हे?" केरीनं जमिनीतूनच विचारलं.

"आमच्या ह्यांनी," वरून डोरीन म्हणाली. "विल्फनं. खेकडे पकडणारा माणूस. नळ पकडायला गेला."

डोरीन हॅक्सबी. वय ब्याऐंशी, उंची केरीच्या खांद्याइतकी, आवाज मात्र किनाऱ्यावरच्या अख्ख्या फ्लॅम्बरो गावाला पुरेल एवढा. दोन वर्षांपूर्वी विल्फ गेला. आणि ह्या सप्टेंबरपासून घरात टकटक सुरू झाली. रोज संध्याकाळी सहाला. डोरीन खाली जाऊन दार उघडायची, तर बाहेर नुसतं धुकं. शेजारची म्हणाली, कान तपासून घे. डोरीन म्हणाली, कान तुझे तपास. मग तिनं नळकाम करणाऱ्या केरीला बोलावलं.

"बॉयलर चालू करा जरा," केरी म्हणाली. "गरम झाल्याशिवाय बोलणार नाही तो."

डोरीन खाली जाऊन बटण दाबून आली आणि पलंगावर बसली. खिडकीबाहेर समुद्राकडून धुकं चढत होतं. समोरच्या घराचं धुराडं गेलं, मग छप्पर गेलं, मग रस्ताच गेला. पाच मिनिटं काही नाही. मग खालून, लाकडाच्या पोटातून,

टक.

टक टक.

डोरीन उठली. चपला सावरत, थेट जिन्याकडे.

"डोरीन, दार नाही ते! नळ आहे, नळ!"

ती वरच्या पायरीवर थांबली. कठड्यावर हात.

"मला माहितीये गं, पोरी," ती म्हणाली. "पायांना माहीत नाही."

*

खाली स्वयंपाकघरात चहा झाला. तिकडे चहा म्हणजे काळाकुट्ट, वरून दूध, आणि बरोबर लोणी लावलेला बेदाण्यांचा पाव. तेवढ्यात फोन वाजला. डोरीननं उचलला आणि लगेच पाठ वळवली. पण आवाज तो आवाज, पाठ वळवून काय होणार?

"नाही. सांगितलं ना नाही. त्याचं एकट्याचं नाव. खाली जागा सोडायची नाही... सोमवारी दुपारी कापायला घेतोस? मग घे. माझं मत सोमवारीही हेच असणार."

तिनं फोन ठेवला. केरी पावाकडे बघत होती. पावात बघण्यासारखं काही नव्हतं.

"दगडवाला," डोरीन म्हणाली. "विल्फच्या थडग्याचा. म्हणतो, नवऱ्याच्या नावाखाली बायकोच्या नावाला जागा ठेवतात. मी म्हटलं, ठेवत असतील. मी तिथे झोपणार नाही."

"मग कुठे?"

"आईबापाजवळ. चर्चच्या दुसऱ्या टोकाला. मधे अख्खी भिंत आहे."

केरीनं पावाचा घास तोंडात घातला. आणि बघ, गप्प बसलं की लोक बोलतात.

डोरीननं लग्नाआधी विल्फसाठी गॅन्झी विणली होती. ऐकायला आपल्या गंजीफ्रॉकासारखं वाटतं, पण ती चीज वेगळी, मच्छीमारांचा स्वेटर. जाड निळ्या लोकरीची, पाच सुयांवर गोल विणलेली, इतकी घट्ट की त्यातून वारा जाणार नाही. त्या किनाऱ्यावर प्रत्येक गावाची वीण वेगळी. कुठली दोरीची, कुठली जाळ्याची. आणि खालच्या काठावर नवऱ्याच्या नावाची अक्षरं. का, ते कुणी मोठ्यानं सांगत नाही. समुद्र माणूस परत देतो तेव्हा चेहरा ठेवतोच असं नाही.

"सात महिने विणली," डोरीन म्हणाली. "चोवीस वर्षं घातली त्यानं. कोपरं फाटली की मी परत विणायची. आणि मग सत्त्याऐंशीच्या जानेवारीत गॅन्झी गायब! कुठे गेली म्हटलं, तर म्हणतो, पाण्यात पडली. लाटेनं नेली."

"नेली असेल."

"अगं, होडी वर वाळूवर होती! तीन आठवडे! तळ फुटला होता तिचा, दुरुस्तीला काढलेली. माणूस पाण्यात गेलाच नाही आणि गॅन्झी लाटेनं नेली?" तिनं कप असा ठेवला की बशी उडाली. "शेजारच्या ब्रिडलिंग्टनला एक मासेवाली होती. मॅव्हिस. हसायची फार. ह्याचे खेकडे तीच घ्यायची."

"तुम्ही विचारलं?"

"विचारलं. महिनाभर. तो म्हणायचा, पाण्यात पडली. शेवटी दवाखान्यात, नाकात नळ्या, तरी विचारलं. म्हणतो, पाण्यात पडली, डोर. आणि हसला. मेला, हसला!"

बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. डोरीन उठून कप विसळायला लागली. बराच वेळ विसळत राहिली. कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

"त्यानंतर त्याच्यासाठी एक टाका घातला नाही मी," ती नळाकडे बघत म्हणाली. "मोजासुद्धा विकतचा."

*

आता ऐक हं नीट.

केरी परत वर गेली. पलंग सरकवला, पुढच्या फळ्या काढल्या, टॉर्च दातात, डोकं आत. इथे खाचेत नळाखाली काहीतरी होतं. आधी तिला वाटलं उंदराचं घरटं. बोट लावलं तर भुगा झाला. कसर लागलेली लोकर. निळी. पुढच्या तुळईवर तसंच. त्याच्या पुढच्यावर जरा जास्त शिल्लक, नळाभोवती दोन वेढे, वरून मासेमारीच्या दोऱ्यानं बांधलेली. गाठ अशी की सोडवायला चाकूच लागला.

अकरा तुळया, अकरा चिंध्या. एका ठिकाणी बाहीचा कफ अख्खाच्या अख्खा, नळाला मनगटासारखा घातलेला.

दोन ठिकाणी लोकरीचा नुसता भुगा उरला होता. तिथेच नळ तुळईवर घासत होता, तीच टकटक. एका ठिकाणी तर जुन्या खिळ्याच्या टोकानं त्याला असा चर पाडला होता, की नळाची जाडी कागदाएवढी उरली होती. आणखी एक थंडी, आणि स्वयंपाकघराचं छत डोरीनच्या चहात.

मग शेवटची तुळई. पलंगाच्या अगदी डोक्याखालची. तिथली चिंधी कशी कोण जाणे, कसरीनं सोडली होती. गॅन्झीचा खालचा काठ. टॉर्च जवळ नेला, तर विणीतून अक्षरं वर आली. वि. हॅ.

केरी तशीच पडून राहिली. गाल फळीवर. घर गरम होत होतं, आणि तिला असं वाटलं, की आपण घराच्या छातीला कान लावलाय.

आणि तुळईच्या अंगावर पेन्सिल. आता ही रीत सगळ्याच कारागिरांची. फळी बंद करायच्या आधी तुळईवर नाव टाकायचं, तारीख टाकायची. काही जण हवा कशी होती तेही लिहितात, काही मालकाला शिव्या घालतात. ते पुढच्या कारागिरासाठी असतं. तीस वर्षांनी, साठ वर्षांनी, जो उघडेल त्याच्यासाठी. आणि एक पाळलं जातं, न सांगता. फळीखाली वाचलेलं फळीखालीच ठेवायचं. केरीनं असल्या कितीतरी गोष्टी वाचल्यात, कुणाची प्रेमपत्रं, कुणाचं काय. कधी तोंडातून काढलं नाही, ही एक मला सांगितली तेवढी.

विल्फचं अक्षर मोठं, ठसठशीत. होडीवर नंबर रंगवतात तसं.

९ जानेवारी ८७. पुठ्ठा चालला नाही. बूच चाललं नाही. फेल्टचं कापड दोन दिवस चाललं. लेन गेल्यापासून ती प्रत्येक टकटकीला दार उघडायला धावते. आज गॅन्झी कापून घातली. आवाज बंद. ती झोपली.

आणि त्याखाली, बारीक:

पुढच्या माणसा, डोरला सांगू नकोस. मारेल मला.

केरीनं डोकं बाहेर काढलं. केसांत अडतीस वर्षांची धूळ.

"लेन कोण?" तिनं जिन्यावरून खाली विचारलं. अगदी सहज, जसं दुधाबद्दल विचारावं.

खाली कपबशांचा आवाज थांबला.

"माझा धाकटा भाऊ," मग डोरीन म्हणाली. "शहाऐंशीच्या नोव्हेंबरात बुडाला. बातमी घेऊन पहाटे दार वाजवलं होतं लोकांनी. का गं? कुणी नाव काढलं त्याचं?"

"भिंतीवर फोटो दिसला," केरी म्हणाली.

फोटो होता, नशीब.

*

तिनं काम केलं. हात चालले की डोकं गप्प बसतं, म्हणून जास्तच नीट केलं. चर पडलेला तुकडा कापून नवा घातला. तुळयांच्या मधे लाकडी पट्ट्या मारून नळाला पाठ दिली, म्हणजे लोंबणार नाही. बत्तीस क्लिपा. हलक्या हाताने बसवायच्या असतात. आवळल्या तर नळ परत कण्हतो, त्याला लांबायला जागा हवी. प्रत्येक खाचेत जाड फेल्ट, प्रत्येक खाचेवर लोखंडी पट्टी, अकरा. लोकरीच्या उरलेल्या चिंध्या पिशवीत भरताना मात्र हात अडखळला. कसर लागलेलं ते, परत ठेवून चालणार नव्हतं. दहा भरल्या. अकरावी, अक्षरांची, तिनं झटकली, उन्हाला दाखवावी तशी टॉर्चला दाखवली, घडी केली आणि तुळईला लागून, नळापासून लांब, विल्फच्या अक्षरांशेजारी ठेवून दिली.

सहा वाजले. बॉयलर ठरल्या वेळी आपोआप खाली घुरघुरला. डोरीन वर येऊन दारात उभी राहिली, खांद्यावर शाल. दोघी ऐकत होत्या. पाणी आत शिरलं असणार. पहिल्या तुळईपाशी, दुसऱ्या, पलंगाखाली. काही नाही. सहा वाजून दहा. रेडिएटर गरम. काही नाही. धुक्यामुळे रस्त्यावरचाही आवाज नव्हता. सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत, गरम, निळसर.

डोरीनचा एक पाय जिन्याकडे वळलेला होता. तो तसाच राहिला.

"संपलं," केरी म्हणाली. "आता नाही वाजणार."

"छान झालं," डोरीन म्हणाली. मग शाल घट्ट ओढून, "म्हणजे आता कुणी येणार नाही."

तू तिचा चेहरा बघायला हवा होतास. म्हणजे मीही नाही बघितला, केरीनं सांगितला, पण तिनं सांगताना केलेला मी बघितला.

सांगायला किती लागतं? एक वाक्य. डोरीन, गॅन्झी मॅव्हिसला नाही दिली त्यानं. पण पुढच्या माणसा, असं लिहिलं होतं. पुढचा माणूस केरी. आणि सांगितलं तरी काय होईल? अडतीस वर्षं बाई ज्याच्यावर रुसली तो चर्चमागे जमिनीत. आता ती माफी मागणार कुणाची? आणि नाही सांगितलं, तर सोमवारी दुपारी दगड कापला जाणार. एका नावाचा. दगडावर काही परत विणता येत नाही.

केरी गुडघ्यावर बसली, पेन्सिल काढली. रिवाजाप्रमाणे विल्फच्या खाली लिहिलं. क्लिपा ३२, पट्ट्या ११, धुकं. केरी. जरा थांबली. मग अजून दोन शब्द लिहिले.

सांगितलं नाही.

सवयीनं चाकूनं पेन्सिलीचं टोक तासलं. बाकी सगळ्या फळ्या बसवल्या, स्क्रू पिळले, पलंग जरा बाजूलाच ठेवला. एक सोडून. डोक्याकडची छोटी फळी तिनं नुसती वरून ठेवली. चार स्क्रू बशीत. बशी खिडकीत.

"डोरीन, एक फळी राहिलीय," ती म्हणाली. "उशीर झालाय, सोमवारी सकाळी येऊन लावते. तोवर तिला हात लावू नका हं. अजिबात उचलू नका."

डोरीननं फळीकडे बघितलं. मग केरीकडे. मग बशीतल्या चार स्क्रूंकडे.

"चार स्क्रूंना उशीर होतो का गं तुम्हा लोकांना?"

"हो," केरी म्हणाली. "होतो कधीकधी."

गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, पेन्सिलही बशीत राहिली. विसरून की मुद्दाम, हे तिला आजही विचार, नुसते खांदे उडवते.

*

शनिवार गेला. रविवार गेला. केरीनं दोन्ही दिवस मनातल्या मनात तीच फळी उघडली आणि मिटली.

सोमवारी ती दहाला पोचली. धुकं गेलं होतं, सगळं गाव धुऊन वाळत घातल्यासारखं. तिनं दार वाजवलं. डोरीननं लगेच उघडलं, जणू दाराआडच उभी होती.

"ये. वरती जा. काही काम नाही तुला."

केरी वर गेली. छोटी फळी बसवलेली होती. चारही स्क्रू पिळलेले, त्यातला एक तिरका, पण घट्ट. बशी खिडकीत तिथेच, रिकामी. म्हणजे स्क्रू नव्हते, पेन्सिल होती. केरीनं ती उचलली. शुक्रवारी तिनं सुईसारखं काढलेलं टोक आता नव्हतं. बोथट, गोल. एका बाजूला जास्त, म्हातारा हात दाबून लिहितो तसं.

"मी लावली फळी," डोरीन जिन्यावरून ओरडली. "म्हातारी झालेय, आंधळी नाही!"

"बघितलं!" केरी म्हणाली. "मस्त लावलीय!"

खाली फोन फिरवल्याचा आवाज आला. आणि मग तो आवाज, अख्ख्या फ्लॅम्बरोला पुरणारा.

"हॅलो? हॅक्सबी बोलतेय. अजून कापला नाहीस ना?... हां. खाली जागा ठेव... आधी काय म्हणाले होते ते सोड, मी आत्ता काय म्हणतेय ते ऐक. जागा ठेव. आणि कंजूषपणा करू नकोस, माझं नाव लांब आहे."

मग फोन ठेवला. नाक शिंकरल्याचा आवाज. किटली भरल्याचा.

"केरी! चहा ठेवतेय! पाच मिनिटं लागतील!"

पाच मिनिटं. केरी एकटी, हातात स्क्रूड्रायव्हर. पायाखाली ती छोटी फळी, चार स्क्रू. खाली विल्फची अक्षरं, त्याखाली तिची, आणि त्याखाली आणखी कुणाची तरी. जे फळीखाली लिहितात ते पुढच्या कारागिरासाठी असतं, आणि पुढची कारागीर तीच की. पण हे तिच्यासाठी लिहिलं होतं का?

खाली किटली शिट्टी मारायला लागली. आता खरं सांग. तू असतास तर ती फळी उचलली असतीस?